एक बाटली फेणी

मी दुबईतल्या मुहैस्नाहमधून बोलतोय.

परदेशात सहज न मिळणाऱ्या एखाद्या वस्तूबद्दल बोला, असं या कार्यक्रमासाठी सांगितलं गेलं. माझ्याआधीच्या मंडळींनी मेतकूट, आमसुलं, सोडे अशी सोज्वळ यादी केली आहे. माझी वस्तू काजूची फेणी आहे. मुलं शेजारी बसून ऐकत असतील तर ऐकू द्या. फेणी पिण्याबद्दल मला फारसं सांगायचं नाही. ती शोधताना मी काय केलं, ते सांगायचं आहे.

आधी जागा समजून घ्या. मी राहतो ते मुहैस्नाह ४. कुटुंबांची वस्ती, शाळा, मॉल, संध्याकाळी खाली सायकली फिरवणारी पोरं. तिथून गाडीनं थोडं पुढं गेलं की मुहैस्नाह २. कागदावरचं हे नाव फारसं कोणी घेत नाही, सगळे म्हणतात सोनापूर. बांधकामावरच्या, सफाईच्या, कारखान्यांतल्या कामगारांच्या राहण्याच्या इमारती तिथं आहेत. जुन्या मुंबईकराला सोनापूर म्हटलं की मरीन लाइन्सची स्मशानभूमी आठवते. माझे वडील पहिल्यांदा इथं आले तेव्हा बसवरची पाटी ऐकून दचकले होते. आणि दुसऱ्या बाजूला शारजाची हद्द. मधे भिंत नाही, कुंपण नाही. रस्ता तोच, फक्त अमिरात बदलते. दुबईत परवान्यावर दारू मिळते. शारजात १९८५ पासून दारूबंदी आहे.

माझं गाव बांद्याच्या अलीकडे, सावंतवाडी तालुक्यात. त्यामुळं अशी हद्द मला नवीन नव्हती, पण ते पुढं येईलच.

सोनापुरात आमच्या वाडीतले एक काका राहायचे. नात्यानं लांबचे, पण वाडीत सगळेच काका. १९९८ साली गवंडी म्हणून आले आणि फोरमन म्हणून सत्तावीस वर्षांनी, यंदा जूनमध्ये, कायमचे परत गेले. मी दुबईत आलो त्या आठवड्यात मला शोधत आलेले ते पहिले गाववाले. हातात पिशवी, पिशवीत कोकम. मी एमबीए करून आलेला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालून फिरणारा आयटी सल्लागार. ते उन्हातून आलेले, दारातच चपला काढून उभे. तेव्हापासून महिन्यातून एक रविवार ते आमच्याकडे जेवायला यायचे. सत्तावीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. एकदा मुलाच्या कॉलेजचा फॉर्म ऑनलाइन भरून घेतला, तेवढंच.

एप्रिलमध्ये जेवण झाल्यावर ते म्हणाले, "झिला, जावच्या आधी एक काम होता. काजूची फेणी गावतली काय रे हय? जरासीच व्हयी."

मी म्हटलं, काका, एवढंच ना? मला वाटलं, खोलीतल्या सोबत्यांबरोबर एक शेवटची बैठक करायची असेल. तसं विचारलं मात्र नाही. तिथंच माझी पहिली चूक झाली.

फेणी माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. काजूचं झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आपल्या किनाऱ्यावर आणलं. बी आपण खातो. तिच्या वरचं ते लाल-पिवळं रसाळ बोंडू, ते फेणीचं. मार्च ते मे हा हंगाम. झाडाखाली पडलेली बोंडं गोळा करायची, तुडवायची, रस आंबवायचा आणि भट्टीवर चढवायचा. पहिल्या धारेचा तो हुर्राक, हलका, त्या हंगामातच पिऊन संपवायचा. पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी, चाळीस टक्क्यांच्या वर जाणारी. तिचा वास ज्याला आवडतो त्याला आवडतो, बाकीचे खोली सोडून जातात. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला वारशाचं पेय म्हणून मान दिला. पण त्याआधी कित्येक वर्षं कायद्याच्या भाषेत ती 'देशी दारू' होती, आणि तो शिक्का बसला की माल राज्याबाहेर जाणं कठीण होतं. स्कॉटलंडची व्हिस्की जगात कुठंही मिळते, पण माझ्या गावापासून अर्ध्या तासावर तयार होणारी फेणी दुबईत शोधायला दोन महिने लागतात, त्याचं निम्मं कारण या शिक्क्यात आहे.

मी शोध सुरू केला तो माझ्या पद्धतीनं. म्हणजे आधी स्प्रेडशीट. हसू नका. एमबीएला सप्लाय चेन हा माझा आवडता विषय होता. रकाने केले: कुठून, कोण आणणार, किती दिवस, किती खर्च. 'काय चुकू शकतं' असाही एक रकाना असतो, तो मी ग्राहकांच्या प्रोजेक्टमध्ये कधी विसरत नाही. इथं तो केलाच नाही.

पहिला रकाना, दुबईतली परवानाधारक दुकानं. त्या निमित्तानं एक कबुली द्यायची आहे. मी इथं बरीच वर्षं बिनपरवाना होतो. पूर्वी दुबईत घरी दारू आणायची तर परवान्याचा अर्ज करावा लागे. त्याला फी असे, अर्जावर मालकाचा शिक्का लागे, पगार दाखवावा लागे, आणि पगारानुसार महिन्याला किती रकमेची खरेदी करायची याची मर्यादा ठरे. ऑफिसात शिक्का मारणाऱ्या बाईंसमोर तो अर्ज धरायची मला लाज वाटायची. घरी आई यायची, तिला कपाटात काही दिसायला नको होतं. मग काय, मित्राच्या परवान्यावर आणलेली बाटली, विमानतळावरच्या ड्यूटी फ्रीतून आणलेली बाटली, असं चालायचं. सगळे करतात म्हणून आपणही. १ जानेवारी २०२३ पासून दुबईनं परवान्याची फी काढून टाकली आणि दारूवरचा तीस टक्के कर थांबवला. तो कर १ जानेवारी २०२५ पासून पुन्हा लागू झाला, परवाना मात्र अजून फुकट आहे. मी एमिरेट्स आयडी घेऊन दुकानात गेलो आणि चहा निवायच्या आत काम झालं. इतकी वर्षं ज्या गोष्टीची लाज बाळगली ती काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता उरकली.

जुन्या नियमातली एक अट मी तेव्हा वाचून सोडून दिली होती. पगार महिन्याला किमान तीन हजार दिरहम हवा. मला ती अडचण नव्हती, म्हणून ती लक्षात राहिली नाही. काकांचा पगार कितीतरी वर्षं त्याच्या खाली होता. म्हणजे मी लाजेपोटी जो परवाना काढला नाही, तो त्यांना काढायचाच असता तरी मिळाला नसता.

असो. दुकानांत फेणी नव्हती. मी गेलो त्या तिन्ही ठिकाणी नव्हती. एका ठिकाणी विक्रेत्यानं मला प्रेमानं टकीला दाखवली.

दुसरा रकाना, उम्म अल कुवेन आणि रास अल खैमा. तिकडची मोठी दुकानं इथल्या मंडळींना ठाऊक आहेत. स्वस्त, निवड भरपूर. शनिवारी सकाळी निघून दुपारी परत, असे लोक आहेत. पण नकाशा उघडून पाहा. तिथून दुबईला यायचं तर शेख मोहम्मद बिन झायेद रस्त्यानं या किंवा एमिरेट्स रोडनं या, मधे शारजा लागतंच. दुकानात केलेली खरेदी रीतसर, दुबईतल्या घरात पोचल्यावरही परवाना आहे म्हणून रीतसर. मधल्या पट्ट्यात मात्र तीच डिकी गुन्ह्याची. वाटेत साधा अपघात झाला, कोणी मागून धडकलं, पोलिस आले, की प्रश्न गाडीच्या बंपरचा राहत नाही. नोकरी, व्हिसा, मुलीची शाळा, सगळं त्या डिकीत असतं. मी त्या वाटेनं एकदाच आलो आहे, पाच वर्षांपूर्वी. मागच्या सीटवर मुलगी झोपली होती. शारजाची हद्द सरेपर्यंत मी एका लेनमध्ये ऐंशीच्या वेगानं, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून. बायको म्हणाली, "एवढा घाम कशाला आलाय? एसी चालू आहे ना?" मी तिला घरी पोचल्यावर सांगितलं. तिनं त्या बाटल्यांकडं न बघता एवढंच म्हटलं की पुढच्या वेळी आम्हा दोघींना घरी ठेवून जा. पुढची वेळ आली नाही.

आता माझ्या गावाकडची हद्द. पणजीहून सावंतवाडीला येणारी एसटी पत्रादेवी ओलांडते, बांदा येतं आणि पुढं इन्सुलीचा तपासणी नाका. राज्य उत्पादन शुल्काचे लोक गाडीत चढायचे. आमच्या लहानपणी हा एक खेळ होता. शिपाई चढला की गाडीतली बडबड बंद. कोणी खिडकीबाहेर पाहायचं, कोणी देवाचं नाव घ्यायचं. शिपाई पिशव्यांना पाय लावत पुढं जायचा. पायाला काच लागली की आवाज यायचा आणि तो आवाज कोणाच्या पिशवीतून आला ते ओळखायची आम्हा मुलांची शर्यत. गोव्यात बाटली स्वस्त, तिच्यावर 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असं छापलेलं. बांद्याच्या पलीकडं ती किराणा मालासारखी, अलीकडं ती मुद्देमाल.

गंमत अशी की महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे. बीअर प्यायला वय एकवीस लागतं, त्याहून कडक दारूला पंचवीस, आणि प्यायचा परवाना लागतो. एक दिवसाचा मिळतो, आयुष्यभराचा मिळतो. तुमच्यापैकी किती जणांनी महाराष्ट्रात असताना काढला होता? दुबईत परवाना लागतो म्हणून आपण कुरकुरतो, आणि ज्या राज्यातून आलो तिथं तो लागतो हे आपल्या गावीही नसतं. पुलाव आणि पापड मागवताना वेटर विचारत नाही, आपण दाखवत नाही.

तिसरा रकाना, गावाहून कोणीतरी आणणं. दुबईच्या सीमाशुल्क नियमांप्रमाणं मुस्लिमेतर प्रवाशाला चार लिटरपर्यंत दारू आणता येते. एक बाटली म्हणजे काहीच नाही. आमच्याच पंचक्रोशीतला एक मुलगा देऱ्यात मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. मे महिन्यात तो सुट्टीवर गेला होता, परत यायचा होता. माझा चुलतभाऊ म्हणाला, ओळखीच्या भट्टीवरची अस्सल आहे, दुकानातल्यापेक्षा कितीतरी भारी, देतो. मी त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "हो दादा, त्यात काय." मला नाही म्हणणं त्याला शक्यच नव्हतं. दुबईतली ही नोकरी त्याला मी सुचवली होती. आज विचार करतो तर त्या 'हो'ला हो म्हणावं की नाही, कळत नाही.

भावानं फेणी दिली ती पाण्याच्या दोन प्लास्टिक बाटल्यांत, बुचांना चिकटपट्टी लावून.

विमानाचा नियम साधा आहे. चोवीस ते सत्तर टक्के अल्कोहोल असलेली दारू चेक-इन सामानात माणशी पाच लिटरपर्यंत चालते, पण दुकानातून विकत घेतलेल्या मूळ, बंद बाटलीतच. हे शोधायला मला दोन मिनिटं लागली असती. ती मी घालवली नाहीत. लाखो दिरहमांच्या प्रोजेक्टमधल्या जोखमीची यादी करणारा माणूस, विसेक हजार पगारवाल्या बापाच्या एकुलत्या मुलाच्या बॅगेत काय जातंय ते बघत नाही.

विमानतळावर बॅग उघडली गेली. एक बूच आधीच सैल झालं होतं. त्याचे कपडे, त्याच्या आईनं दिलेले लाडू, सगळं भिजलं होतं. बाटल्या काढून घेतल्या, प्रश्न विचारले, कागदावर सही घेतली. विमान त्याला कसंबसं मिळालं. पण त्याच्या मनातली भीती पुढची होती. त्या वासानं भरलेली बॅग घेऊन तो दुबईत उतरणार होता. आपल्याला थांबवतील, मालकाला कळवतील, व्हिसा जाईल. तसं काही झालं नाही. तो बाहेर आला, टॅक्सी न करता मेट्रोनं खोलीवर गेला, आणि रात्री मला त्याचा संदेश आला: "दादा, सॉरी, बाटली नाही आणता आली."

सॉरी तो म्हणाला.

पुढच्या रविवारी मी हे काकांना सांगितलं, आणि लाज वाटते, पण थोडं विनोदी करून सांगितलं. लाडवांना फेणीचा वास वगैरे. काका हसले नाहीत. ताटावरून हात काढला आणि म्हणाले, "दुसऱ्याच्या पोराच्या बॅगेत कित्याक घातलंस? तुजी बॅग खंय होती?"

मी काहीतरी सुट्टीचं, कामाचं बोललो. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी वाडीत सगळ्यांना माहीत असणार आणि मला कोणी कधी सांगितली नव्हती.

दुबईला यायच्या आधी, पंचविशीत, काका गवंड्याच्या हाताखाली होते. पावसाळ्यात काम नसायचं. कुडाळकडच्या एका हॉटेलवाल्यानं त्यांना काम दिलं. गोव्यातून पिशवी आणायची, फेरीला पन्नास रुपये. पिशवीत काय ते विचारायचं नाही, आणि विचारायची गरजही नव्हती. चार-पाच फेऱ्या झाल्या. एकदा इन्सुलीला शिपायाचा पाय पिशवीला लागला. एसटीतून उतरवलं. हॉटेलवाल्याला निरोप गेला तेव्हा तो म्हणाला, मी या माणसाला ओळखत नाही. खटला तीन वर्षं तारखांवर तारखा घेत चालला. दंड भरायला आईची पाटली गेली. पोलिसांचा दाखला अडला म्हणून पासपोर्ट अडला, आणि ज्या साली त्यांच्याबरोबरचे दोघं आखातात गेले त्या साली काका गावातच राहिले. "जी पियालंय नाय, तिचो दंड भरलंय," असं ते म्हणाले. तेव्हापासून त्यांनी दारूला हात लावला नव्हता.

मी म्हटलं, "मग काका, फेणी कोणासाठी हवी होती?"

"राखणेक."

कोकणाबाहेरच्या श्रोत्यांना सांगायला हवं. आमच्याकडे प्रत्येक जागेला एक राखणदार असतो, असं मानतात. शेताचा, वाडीचा, पाणंदीचा. वर्षातून एकदा त्याला राखण द्यायची. कोंबडा, भाकरी, आणि दारूचे चार थेंब. वडे-सागोती नंतर माणसं खातात, पण आधी गाऱ्हाणं घालायचं: काय चुकलं माकलं असेल ते पदरात घे, पोराबाळांना सांभाळ. काका १९९८ साली निघाले त्या सकाळी त्यांच्या वडिलांनी वाडीच्या राखणदाराला फेणी वाहून सांगितलं होतं, की पोर तुझ्या हद्दीबाहेर चाललंय, तिथं जो कोणी असेल त्याला सांग. आता काका परत चालले होते. तिथल्या त्या 'जो कोणी'ला, इतकी वर्षं सांभाळल्याबद्दल, त्यांना राखण द्यायची होती. मचाणावरून माणसं पडलेली त्यांनी पाहिली होती, उन्हानं कोसळलेली पाहिली होती. आता उन्हाळ्यात दुपारचं काम बंद ठेवायचा नियम आहे. पूर्वी नव्हता, तेव्हाचीही वर्षं त्यांनी काढली होती. ते एकदाही पडले नव्हते.

मी त्यांना विचारलं, तुमच्याकडं सोनापुरात तर गाडीच्या डिकीतून विकणारे फिरतात, त्यांच्याकडून कधी घेतली नाहीत ते? ते म्हणाले, ती माणसाला द्यायच्या लायकीची नाही, राखणदाराला कुठून देऊ. कामगारांच्या खोल्यांत दारू चालत नाही, परवान्याच्या दुकानापर्यंत त्यांची पोच नसते, मग जे उरतं ते हे. काय असतं त्यात, विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, ती अशीच, दिवसाची मजुरी करणारी. आणि काका गेल्यानंतर दोन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, कुवेतची बातमी आली. मिथेनॉल मिसळलेली दारू. तेवीस मृत्यू, दीडशेच्या वर माणसं दवाखान्यात, बहुतेक आशियाई कामगार. काहींची दृष्टी गेली. कुवेतमध्ये पूर्ण बंदी आहे. ती बातमी वाचताना मला फेणी शोधण्याचे माझे ते दोन महिने आठवले. माझ्यासाठी 'मिळत नाही' याचा अर्थ होता की हवा तो ब्रँड मिळत नाही.

काकांचा शेवटचा रविवार आला. फेणी नव्हती. घरी परवान्यावर आणलेली ओल्ड मंक होती, माझ्या कपाटातली, पावतीसकट. मी चाचरत विचारलं. काकांनी बाटली हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "काळी आसा," म्हणाले. मग म्हणाले, "चलात. राखणदार ब्रँड इचारना नाय."

प्रश्न जागेचा होता. उघड्यावर दारू ओतणं इथं चालत नाही, आणि काकांना आता आयुष्यात कसलाही नियम मोडायचा नव्हता. म्हणून आमची बाल्कनी ठरली. तिथं तुळस आहे, पण तुळशीत कशी ओतणार? शेजारी मिरचीची कुंडी होती. काकांनी विचारलं, "माती हयचीच मा?" मी पिशवी शोधून आणली. त्या मातीच्या पिशवीवर लिहिलं होतं, नेदरलँड्स. काकांनी माझ्याकडं असं पाहिलं, की याला एमबीए कोणी केलं. मग ते सावकाश लिफ्टनं खाली गेले, इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेतून ओंजळभर वाळू रुमालात घेऊन आले आणि ती कुंडीत पसरली.

बायकोनं वडे-सागोती केली होती. मुलगी तेरा वर्षांची, तिला हे सगळं नवीन. काकांनी तिला सांगितलं, "मी थांबलंय की तू 'व्हय म्हाराजा' म्हण." आणि पूर्वेला तोंड करून, समोरच्या इमारतीच्या एसींच्या आवाजात, हात जोडून त्यांनी गाऱ्हाणं घातलं. मला आठवतं तसं सांगतो:

"बा देवा म्हाराजा. हयच्या जाग्याच्या राखणदारा. तुजा नाव माका ठावक नाय, तुजी भाषा माका येणा नाय. सत्तावीस वर्सां तुज्या जमनीर ऱ्हवलंय. उंचार चढलंय, पडलंय नाय. माज्या हाताखालच्या पोरांका संबाळलंस. जे पडले तेंकाय तू बघलं असशीत, तेंच्या घरच्यांका धीर दी. माज्या हातसून काय चुकला माकला आसात तां पदरात घी. ह्या झिलाक, ह्या चेडवाक संबाळ. आणि तो मोबाइलवालो पोर, तेका कोणाची पिशी उचलूची पाळी हाडू नको."

"व्हय म्हाराजा," मुलगी म्हणाली. मला म्हणता आलं नाही, आवाज लागला नाही.

चार थेंब कुंडीत गेले. बाटली त्यांनी बूच लावून मला परत दिली. मी एक पेग घेतला. आणि मग लक्षात आलं, की काकांना सोनापूरला सोडायचं आहे. इथं रक्तात थेंब असला तरी गाडी चालवता येत नाही. म्हणजे शेवटच्या दिवशीही नियोजन चुकलंच. बायकोनं किल्ली उचलली. गाडीत काका पुढं बसले, मी मागं. गेटपाशी उतरताना ते बायकोच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, गाडी बरी चालवतेस.

मिरचीचं झाड जगलं. त्याला लागलेल्या मिरच्या भयंकर तिखट आहेत, पण आधीही होत्याच.

त्या मोबाइलच्या दुकानातल्या मुलाकडं मी जाऊन आलो. माफी मागितली तेव्हा तो अवघडला, मला चहा पाजला, आणि मी निघताना 'दादा, गावाहून काही आणायचं असलं तर सांगा' म्हणाला. मी त्याला सांगितलं, आणायचं नाही, उलट पुढच्या वेळी जाताना माझ्या आईसाठी औषधं नेशील का, बिलासकट देतो. तो हो म्हणाला. हा 'हो' मला जरा मोकळा वाटला.

गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. घराला रंग काढलाय, गुडघा दुखतोय, उन्हाची सवय गेली म्हणून थंडी वाजते. आणि म्हणाले, फेणीची एक बाटली घेऊन ठेवली आहे. दुकानातली, सीलबंद, पावती आहे.

मी म्हटलं, "काका, गोव्याची बाटली तुम्ही इन्सुलीवरून घरी आणलीत?"

"खुळो काय तू? पेडण्यात आसा, चेडवाच्या घराक. मोपाचो विमानतळ पेडण्यातच मा? नाको वलांडूकच नको. तुज्या बॅगेत घाल आणि व्हर."

डिसेंबरचं तिकीट काढलं आहे. बॅग माझीच असेल.